परळीत फिरायला जायचं कुठं?

परळी वैजनाथला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न गावाला पडत नाही. स्टेशनवरून थेट देवळात, दर्शन, प्रसाद, पायऱ्यांवर फोटो. पण त्याच घरातल्या लहान मुलीनं सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी "बागेत जायचंय" असा हट्ट धरला, की मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. आजोबांना गुडघ्यामुळं सपाट जागेवर चालायला सांगितलेलं असतं आणि ते रस्त्याच्या कडेनं, ट्रकची धूळ खात चालतात. 2011 च्या जनगणनेत सुमारे 91 हजार वस्तीचं असलेलं हे गाव त्यानंतर आणखी पसरलं आहे. नव्या कॉलन्या झाल्या, प्लॉटिंग झालं, घरं उभी राहिली. घरापासून चालत जाता येईल अशी झाडाखालची जागा मात्र बहुतेकांना चटकन सांगता येत नाही.

युरोपातल्या शहरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रादेशिक कार्यालयानं एक साधा निकष सुचवला आहे. प्रत्येक घरापासून 300 मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. नेदरलँड्समधले नागरी वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनाइनेन्दाइक यांनी 2021 मध्ये त्यात भर घातली. घरातून निदान 3 झाडं दिसावीत, वस्तीच्या 30 टक्के भागावर झाडांची सावली असावी आणि बाग 300 मीटरवर असावी. 300 मीटर म्हणजे रमतगमत पाच मिनिटांची चाल. हे आकडे परळीला जसेच्या तसे लावण्याचा आग्रह कुणी धरू नये, पण त्यांतली एक गोष्ट इथंही तितकीच खरी आहे. बाग लांब असेल तर माणूस सणावारी जातो आणि जवळ असेल तर रोज जातो. म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि शाळकरी पोरांना रोजची बाग हवी असते.

मग ती शोधायची कशी?

पहिली धाव फोनकडे जाते. नकाशात 'उद्यान' शोधून काही मिळालं नाही, की 'गार्डन', 'पार्क', 'बाग' असे शब्दही टाकून बघावेत. छोट्या गावांत ज्यानं जागेची नोंद केली त्यानं त्याला सुचलं ते नाव दिलेलं असतं. तरीही फोनचा नकाशा अपुराच पडतो. कुणी नाव दिलेली जागाच त्यात दिसते, आणि तालुक्याच्या गावात कितीतरी मोकळ्या जागांना नावच नसतं. म्हणून उपग्रहाचं चित्र उघडावं. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रंही बघता येतात आणि तिथं एक युक्ती फार उपयोगी पडते: ऑक्टोबरचं चित्र बाजूला ठेवून एप्रिल-मेचं बघावं. पावसाळ्यानंतर सगळा मराठवाडा हिरवा दिसतो, त्यात सोयाबीनही असतं आणि गाजर गवतही. मे महिन्यात जे हिरवं उरतं ती बहुतांशी झाडं. परळीचं असं उन्हाळी चित्र पाहिलं की सावली नक्की कुठं आहे, ते दहा मिनिटांत कळतं.

परळीचं सर्वांत जुनं फिरायचं ठिकाण अर्थातच देवळाचा परिसर. वैद्यनाथाचं मंदिर टेकडीच्या उतारावर आहे. अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्या रुंद, ऐसपैस दगडी पायऱ्यांवर दर्शन झाल्यावरही माणसं निवांत टेकतात. देऊळ हीच आपल्याकडची पहिली सार्वजनिक जागा होती, हे इथं डोळ्यांनी दिसतं. तिकीट नाही, जातायेता कुणी अडवत नाही, बायका एकट्या येऊन तासभर बसू शकतात. गावालगतच्या डोंगरतुकाईच्या टेकडीवर नवरात्रात गर्दी उसळते. एरवी तिथं सकाळी चढून जाणं हा उत्तम व्यायाम आहे. वैद्यनाथ या नावाशी औषधी वनस्पतींनी भरलेल्या डोंगराच्या कथा जोडलेल्या आहेत. गावचे संत जगमित्र नागा यांची गोष्ट तर महिपतींच्या 'भक्तविजया'त आली आहे. जमीन काढून घेऊ बघणाऱ्या अधिकाऱ्यानं लग्नकार्यासाठी वाघ आणायला सांगितला, नागा रानात गेले आणि वाघाला घेऊनच परतले. कथा भक्तीची आहे. पण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला परळीच्या शिवेवर वाघाचं रान असणं अगदी स्वाभाविक वाटत होतं, हे त्यातून सहज निसटून कळतं.

आज परळीचा बीड जिल्हा राज्यातल्या सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानं देशाच्या एक तृतीयांश भूभागावर झाडं असावीत असं उद्दिष्ट ठेवलं. बीड त्याच्या जवळपासही नाही.

देऊळ आणि टेकडी ही गावाची जागा झाली. पण गल्लीपासून 300 मीटरवरची जागा? ती बहुतेक कॉलन्यांत कागदावर आधीपासूनच असते. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बांधकामवाल्यांच्या बोलण्यात तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. मुंबईसारखे अपवाद सोडले तर ती राज्यभरच्या शहरांना लागू आहे, नगरपरिषदांनाही. तिच्यानुसार 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करायचं असेल, तर 10 टक्के क्षेत्र रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी खुलं ठेवावंच लागतं. आधीच्या नगरपरिषदांच्या नियमावल्यांतही अशी तरतूद होती. प्लॉट घेताना एजंट ज्या जागेकडे बोट दाखवून "ही ओपन स्पेस" म्हणतो, ती हीच.

मंजूर रेखांकनाचा नकाशा एकदा तरी हातात घेऊन बघण्यासारखा असतो. प्लॉटचे चौकोन, त्यांवर क्रमांक, मधून रस्ते आणि कुठंतरी वेगळ्या रेघांनी भरलेला, 'खुली जागा' असं लिहिलेला एक तुकडा. कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो: एकूण क्षेत्र, रस्त्याखालचं क्षेत्र, खुली जागा, प्लॉटखालचं निव्वळ क्षेत्र. खाली मंजुरीचा शिक्का, तारीख आणि आदेश क्रमांक. चार एकरांचं रेखांकन धरलं तर खुली जागा सोळा गुंठे भरते, म्हणजे 1,600 चौरस मीटरच्या थोडी वर. चाळीस बाय चाळीस मीटरचा चौकोन. त्याच्या कडेनं एक फेरी मारली की 160 मीटर होतात. सहा-सात फेऱ्यांत किलोमीटरभर चालणं झालं. आजोबांना एवढंच हवं असतं. कडेनं पायवाट, दोन-चार बाकं, मधे पोरांना पळायला माती आणि चारी बाजूंनी कडुनिंब. यासाठी मोठा निधी लागत नाही.

प्रत्यक्षात त्या तुकड्याचं काय झालेलं असतं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात फिरताना दिसतं. कुठं बांधकामाची वाळू आणि विटा पडलेल्या असतात, कुठं बाभळी आणि कचरा. कुठं कोपऱ्यावर एक पत्र्याची शेड उभी राहते आणि दोन वर्षांत तिची भिंत होते. जागा कुणाचीच नाही असं वाटलं की ती कुणाची तरी होऊन बसते. म्हणून कॉलनीतल्या चार घरांनी मिळून पहिलं काम करावं ते नकाशाची प्रत काढण्याचं. नगरपरिषदेच्या नगररचना किंवा बांधकाम विभागात ती मागता येते. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार कायदा, 2005 आहेच. अर्जाला 10 रुपयांचं शुल्क लागतं. अर्जात गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक आणि जमल्यास मंजुरीचं वर्ष लिहावं, म्हणजे "माहिती शोधून मिळत नाही" असं उत्तर यायला जागा राहत नाही.

गुंठेवारीतल्या वस्त्यांची अडचण वेगळी आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे विकले गेले, तिथं रेखांकनच मंजूर झालेलं नसतं, त्यामुळं दहा टक्के सोडण्याचा प्रश्नही आला नाही. राज्यानं 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 मध्ये सुधारणा करून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घरं नियमित झाली. मोकळी जागा मात्र नंतर उगवून येत नाही. अशा वस्त्यांसाठी शाळेचं मैदान, जुन्या देवळाचं आवार, नाल्याकाठची सरकारी पट्टी यांवरच भिस्त ठेवावी लागते. शाळा सुटल्यावर पटांगणाचं फाटक तासभर उघडं ठेवलं, तर अशा वस्तीला त्या दिवसापुरती बाग मिळते.

कॉलनीच्या वरचा टप्पा म्हणजे शहराचा विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रत्येक नगरपरिषदेला तो करावा लागतो आणि बाग, क्रीडांगण, दवाखाना, भाजीमंडई यांसाठी जागा आरक्षित कराव्या लागतात. गोम कलम 127 मध्ये आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप रद्द होतं. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर हे रास्त आहे. एखाद्याची जमीन आयुष्यभर अडकवून ठेवता येत नाही. पण यातून होतं असं, की पैसे नाहीत म्हणून नगरपरिषद थांबते, वर्षं सरतात आणि आराखड्यावरची बाग गावाला कळायच्या आत नाहीशी होते. आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. लग्नाच्या हॉलचं भाडं ठरवायला जेवढी माणसं जमतात, तेवढी जरी त्या वेळी नगरपरिषदेत गेली तरी फरक पडेल.

नागरिकांनी बाग वाचवल्याचं देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण बेंगळुरूचं आहे. एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. 'बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा' हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 1991 मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूनं लागला. रुग्णालय कितीही उपयोगाचं असलं, तरी बागेसाठी ठेवलेली जागा खासगी संस्थेला देता येत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. कॉलनीच्या खुल्या जागेचा वाद निघाला की वकील आजही हाच निकाल काढतात.

जागा मिळाली की पुढचा मोह असतो लॉनचा. इथं परळीकरांनी सावध राहायला हवं. पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबवावी लागलेलं हे गाव आहे. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून इथल्या औष्णिक वीज केंद्राला, म्हणजे थर्मलला, पाणी येतं. दुष्काळात ते आटलं म्हणून 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये केंद्र बंद ठेवण्याची वेळ आली. वरच्याच सोळा गुंठ्यांवर सगळीकडे हिरवळ लावली आणि उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लीटर पाणी धरलं, तर दिवसाला आठ हजार लीटर लागतात. जवळजवळ रोजचा एक टँकर. त्याच जागेच्या कडेनं साठ रोपं लावली आणि प्रत्येकाला आठवड्याला वीस लीटर दिलं, तर आठवड्याचे बाराशे लीटर पुरतात, तेही पहिली दोन-तीन वर्षंच. त्यानंतर कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ स्वतःचं पाणी स्वतः शोधतात. वैद्यनाथाच्या गावात बेलाचं झाडही हवंच. मुंबई-पुण्याच्या बागांचे फोटो बघून आखलेली बाग इथं दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळी पडते. फोटोत साधी दिसली तरी परळीला सावलीची बाग टिकेल.

थर्मलचा विषय पाण्यावर संपत नाही. 1971 मध्ये 30 मेगावॅटच्या संचानं सुरू झालेल्या या केंद्रात पुढं मोठे संच आले. आता 250 मेगावॅटचे तीन आहेत. त्यानं गावाला रोजगार दिला, नाव दिलं आणि राखही दिली. दादाहरी वडगावकडच्या राखेच्या तळ्यावरून, राख वाहणाऱ्या गाड्यांवरून ती उडते. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या पानावरून बोट फिरवलं तर करडा थर बोटाला येतो आणि खाली पानाचा खरा रंग दिसतो. पहिला मोठा पाऊस झाला की तीच झाडं रातोरात वेगळी दिसायला लागतात. झाडांच्या दाट रांगा ही धूळ बऱ्याच प्रमाणात अडवतात, म्हणून परळीत झाड लावणं थेट आरोग्याशी जोडलेलं आहे. फिरायला जाण्याची जागा निवडतानाही राखेच्या वाहतुकीचा रस्ता टाळून निवडावी. दमा असलेल्यांनी तर नक्कीच.

राखेची जागा कायम राखेचीच राहते असंही नाही. दिल्लीतलं बदरपूरचं औष्णिक केंद्र 2018 मध्ये बंद झालं आणि त्याच्या राखेच्या विस्तीर्ण तळ्यावर पर्यावरण उद्यान करण्याचं काम एनटीपीसीनं हाती घेतलं. मुंबईत धारावीजवळ, मिठी नदीकाठी, कचऱ्याचं डंपिंग 1977 मध्ये थांबलं. तिथं झाडं लावत लावत 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि 1994 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. आज शाळेच्या सहली तिथं फुलपाखरं बघायला जातात. परळीच्या वापरातून गेलेल्या राखेच्या जमिनीवर असं काही करायचं, तर ती मागणी आतापासून लावून धरावी लागेल.

रोजच्या फिरण्याचं इतकं. रविवारच्या फिरण्यासाठी मात्र परळीइतकी चांगली जागा बीड जिल्ह्यात थोड्याच गावांना मिळाली आहे, कारण बालाघाटाचे डोंगर दाराशी आहेत. नागापूरचं वाण नदीवरचं धरण जवळ आहे. शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. पाऊस चांगला झाला आणि सांडव्यावरून पाणी पडू लागलं की गाव तिकडे धावतं. पाण्यात उतरायचं नाही आणि प्लास्टिक टाकायचं नाही, कारण ते पाणी आपल्याच नळाला येणार आहे. पांगरीजवळ दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांचं स्मारक, गोपीनाथगड, 2015 पासून उभं आहे. 3 जूनच्या पुण्यतिथीची आणि 12 डिसेंबरच्या जयंतीची गर्दी टाळली तर त्याचं मोकळं आवार संध्याकाळी बसायला छान आहे.

कन्हेरवाडीचा घाट चढून अंबाजोगाईला गेलं की हवा बदललेली जाणवते. साधारण पंचवीस किलोमीटरचं अंतर, एसटी भरपूर. बहुतेक लोक योगेश्वरीचं दर्शन घेऊन परततात, पण खरी गंमत गावाबाहेर आहे. मुकुंदराजांची समाधी दरीच्या कुशीत आहे. 'विवेकसिंधु'कारांनी जागा निवडली ती किती शांत होती, हे पायऱ्या उतरताना कळतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समोरच्या कड्यावरून धबधबा पडतो. हत्तीखान्याच्या लेण्यांत पोरांना दगडी हत्ती बघायला मिळतात. बुट्टेनाथाची दरी आणखी रानटी आहे. तिथं एकट्यानं जाऊ नये, सोबत गावातला माहीतगार घ्यावा. ऑक्टोबरच्या आसपास या डोंगरांतली सीताफळं रस्त्याकडेला टोपल्यांत येतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते टोपलीवाल्या बाईकडून घेतलं तर पैसे थेट डोंगरातल्या घरात जातात.

अख्खा दिवस हाताशी असेल तर मांजरसुंब्याजवळचं कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा, दोन्ही एकाच ठिकाणी. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 मध्ये जाहीर झालं. सुमारे तीस चौरस किलोमीटरच्या त्या झुडपी रानात मोर सकाळी लवकर आणि पावसाळ्याच्या तोंडावर छान दिसतात, दुपारी बाराला पोचून "मोर कुठंत?" असं विचारण्यात अर्थ नाही.

आणि एकदा बीडजवळच्या पालवणला जायला हवं. तिथल्या उघड्याबोडक्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी वन विभागाच्या साथीनं सह्याद्री देवराई उभी केली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं वृक्ष संमेलन भरलं आणि संमेलनाचं अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला दिलं गेलं. माती परळीसारखीच, ऊनही तेच, पावसाचा लहरीपणाही तोच. तरी तिथं झाडं जगली, कारण लावल्यानंतर पाणी घालणारी माणसं ठरलेली होती.

परळीच्या एखाद्या कॉलनीला आपल्या सोळा गुंठ्यांत हे करायचं असेल, तर वनमहोत्सवाच्या काळात, म्हणजे 15 जून ते 30 सप्टेंबर, सरकारी रोपवाटिकांत रोपं सवलतीच्या दरात मिळतात. खड्डे मे महिन्यातच घेऊन उन्हात तापू द्यावेत, रोप निदान कमरेएवढं निवडावं, शेळ्यांपासून जपायला काटेरी कुंपण आधी करावं आणि कुठल्या झाडाला कुठलं घर पाणी घालणार, त्याची यादी लावणीच्या दिवशीच कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावी.